बिस्किटवाल्यांच्या गल्लीत आमचं घर

परदेशात सेटल झालेल्यांनी काचेच्या टॉवरमध्ये फ्लॅट घ्यावा, असा एक अलिखित नियम आहे. आम्ही तो मोडला आणि सव्वाशे वर्षांचं जुनं घर घेतलं. पण त्यासाठी आधी पुण्यातल्या एका घरावरचं नाव काढावं लागलं. त्याचीच ही गोष्ट.

"थ्री बेड म्हणजे केवढं गं? कार्पेट किती?"

फोनवर आईचा पहिला प्रश्न. इथंच माझी विकेट गेली. कारण इंग्लंडमध्ये घर बघायला गेलं की बेडरूम किती ते सांगतात, बाग कुठल्या दिशेला आहे ते सांगतात, जवळची शाळा कशी आहे तेही सांगतात. कार्पेट एरिया मात्र कुणी आपणहून सांगत नाही. कार्पेट म्हटलं की एजंट जमिनीकडे बघतो आणि म्हणतो, "हो, पाच वर्षांपूर्वीच नवीन टाकलंय!"

तर मंडळी, आम्ही दोघं २०२३ साली पुण्याहून इकडे आलो. दोघंही आयटीत. गावाचं नाव रेडिंग. इंग्रजीत स्पेलिंग 'वाचन' असं होतं, पण उच्चार रेडिंग. पहिल्या आठवड्यात तिकीट खिडकीवर चुकीचा उच्चार केला की आपण नवीन आहोत हे सगळ्या रांगेला कळतं. लंडनच्या पश्चिमेला साधारण ६५ किलोमीटरवर हे गाव आहे. फास्ट ट्रेननं पॅडिंग्टन गाठायला अर्धा तासही लागत नाही. टेम्सला केनेट नावाची नदी इथं येऊन मिळते, म्हणजे आपल्या भाषेत संगमच. आयटी कंपन्या भरपूर, त्यामुळे सुपरमार्केटात कढीपत्ता मिळतो आणि बसमध्ये मराठी ऐकू येतं.

दोन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली. दर महिन्याला पगाराचा मोठा लचका घरमालकाच्या खात्यात जायचा. शेवटी नवरोबा म्हणाला, "बास. आता स्वतःचं बघू." त्याला नवीन स्कीममधला फ्लॅट हवा होता. जिम, लिफ्ट, पार्किंग. मला हवं होतं जुनं घर. का, ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

'कॅरेक्टर' म्हणजे काय रे भाऊ?

इंग्लंडमध्ये घर घ्यायला नागरिकत्व लागत नाही, की सरकारची परवानगी लागत नाही. फक्त घर घेण्याआधीच्या वर्षभरात तुम्ही १८३ दिवस इथं राहिलेला नसाल तर स्टॅम्प ड्युटी २ टक्के जास्त पडते. आम्ही इथंच राहत होतो, त्यामुळे ती कटकट नव्हती. कटकट होती ती एजंटांच्या भाषेची.

जाहिरातीत 'कोझी' लिहिलं असेल तर दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत असं समजायचं. 'मॉडर्नायझेशनला वाव' म्हणजे स्वयंपाकघर पाडून नवं करा. आणि 'भरपूर कॅरेक्टर' म्हणजे हिवाळ्यात घरात जाकीट घालून बसा. अकरा घरं बघितल्यावर आम्ही या भाषेत पारंगत झालो.

बारावं घर न्यूटाउन भागातलं. नाव न्यूटाउन, पण वस्ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा. ही वस्ती वाढली ती बिस्किटांमुळे. हंटली अँड पामर्स नावाची कंपनी इथलीच. १८२२ साली एका छोट्या दुकानात सुरू झालेला हा धंदा १९०० च्या सुमारास जगातला सगळ्यात मोठा बिस्किट कारखाना झाला. पाच हजारांहून जास्त कामगार. त्यांचे नक्षीदार पत्र्याचे डबे साहेबाच्या राज्यात सगळीकडे पोचले, हिंदुस्थानातही. आमच्या वाड्यात असाच एक डबा होता, त्यात आजी सुया आणि बटणं ठेवायची. डब्यावर नाव काय होतं ते आता आठवत नाही, पण रेडिंगच्या म्युझियममध्ये त्या डब्यांचं खास दालन बघितलं तेव्हा मला तिच्या टाचण्यांचा खुळखुळाट ऐकू आला. इथल्या फुटबॉल टीमला एके काळी 'बिस्किटमेन' म्हणायचे. १९७६ साली रेडिंगमधलं उत्पादन बंद झालं. बिस्किटं गेली, घरं राहिली.

आणि काय घरं! रेडिंगच्या जुन्या घरांची खासियत म्हणजे रंगीत विटा. लाल विटांच्या मध्ये करड्या विटा, कुठे चौकटी, कुठे पट्टे. मला वाटलं, सजावट. आमच्या सर्व्हेयरनं नंतर सांगितलं की या नक्षीत घराचं रहस्य आहे. एक वीट लांबीनं बसवलेली, तिच्या शेजारची डोकं बाहेर काढून. डोकं बाहेर असलेली वीट भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार गेलेली असते. म्हणजे भिंत भरीव, नऊ इंची. नवीन घरांसारखी दोन भिंती आणि मध्ये पोकळी असा प्रकार नाही. दिसायला देखणी आणि थंडीत बर्फासारखी गार.

घर विकणाऱ्या आजी तिथं ४१ वर्षं राहिलेल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, चहा विचारला आणि एजंटला चक्क गप्प बसवलं. "हे घर रात्री आवाज करतं. घाबरू नका, जिना आहे तो." पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्याही मागे बाथरूम! कारण घर बांधलं तेव्हा बाथरूम नव्हतीच. परसात एक संडास होता, तोही अजून उभा आहे, आता त्यात कुंड्या असतात. व्हिडिओ कॉलवर हे बघून आई म्हणाली, "आंघोळ करून स्वयंपाकघरातून बाहेर यायचं? सोवळ्याच्या दृष्टीनं उत्तम आहे."

मी घराच्या प्रेमात पडले होते. नवरोबा मीटर बघत होता.

हो म्हणाले, पण हो नव्हे

मागणी ४ लाख १५ हजार पौंडांची होती. आम्ही ४ लाख ५ हजार म्हटलं. दोन दिवसांनी फोन आला, ऑफर मान्य! मी पेढे शोधायला निघाले. नवरोबानं थांबवलं. कारण इथं ऑफर मान्य झाली याचा कायद्याच्या भाषेत अर्थ शून्य. आपल्याकडे इसारपावती होते, पैसे अडकतात. इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीही कधीही मागे फिरू शकतं. तुमच्यापेक्षा जास्त देणारा आला तर मालक त्याच्याकडे वळू शकतो. याला इंग्रजीत खास शब्दही आहे, गॅझम्पिंग. ते तीन-चार महिने म्हणजे साखरपुडा झालाय पण मुलाचे आईवडील अजून स्थळं बघताहेत, अशी अवस्था.

मधल्या काळात बँकेचं कर्ज, वकिलाच्या सर्चेस म्हणजे रस्ता, ड्रेनेज, पुराची शक्यता आणि जमिनीचा इतिहास यांची तपासणी, आणि सर्व्हे. बँक आपला माणूस पाठवते, पण तो फक्त घराची किंमत ठरवतो. ते तिच्या सोयीसाठी. जुन्या घराला आपला स्वतंत्र, सगळ्यात सखोल सर्व्हे करून घ्यावा लागतो, त्याला लेव्हल थ्री म्हणतात. आमचा रिपोर्ट ६८ पानी निघाला. वाचताना वाटलं, हे घर उभं तरी कसं आहे?

छपरावरची काही कौलं सरकलेली. लाकडी तक्तपोशीखालची हवा खेळावी म्हणून जोत्यात जाळीच्या विटा असतात, त्यातल्या दोन कुणीतरी बुजवलेल्या. खालच्या मजल्यावरचं धुरांडं जागा वाढवायला काढलेलं, वरच्या मजल्यावरचं मात्र तसंच लटकतंय, आणि त्याला आधार काय दिलाय याचा कागद नाही. आणि समोरच्या भिंतीत ओल. कारण? सर्व्हेयर म्हणाला, "मूळ भिंत चुन्यात बांधलेली आहे. मागच्या वीस-तीस वर्षांत कुणीतरी विटांच्या दर्जा सिमेंटनं भरल्या. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडून ठेवतं."

मी फोनवर बाबांना हे सांगितलं तर ते नुसते हसले. "हे सांगायला साहेब कशाला हवा? तुझे पणजोबा हेच सांगायचे. चुना श्वास घेतो." पूर्वी घाणीत बैल जुंपून चुना मळायचे, त्यात गूळ आणि हिरडा घालायचे, हे बाबांनी लहानपणी ऐकलेलं. आमच्या वाड्यालाही कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला आणि तिथूनच माजघराच्या भिंती फुगायला लागल्या, असं त्यांचं म्हणणं.

सर्व्हेच्या जोरावर आणखी ५ हजार कमी झाले. सौदा ४ लाखांवर ठरला. आता फक्त कागद राहिले, असं आम्हाला वाटलं.

जगात कुठेही

वकिलाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. तुमच्या किंवा तुमच्या जोडीदाराच्या नावावर जगात कुठेही दुसरं राहतं घर, किंवा त्याचा हिस्सा आहे का?

आहे. सदाशिव पेठेत. बाबा आणि मी, निम्मा निम्मा.

गणित असं. ४ लाखांच्या घरावर नेहमीची स्टॅम्प ड्युटी १० हजार पौंड. आयुष्यात पहिल्यांदा घर घेणाऱ्याला फक्त ५ हजार. पण जगात कुठेही तुमचं घर असलं की तुम्ही 'पहिल्यांदा' घेणारे राहत नाही. आणि तुमचा हिस्सा ४० हजार पौंड किंवा जास्त किमतीचा असेल तर पूर्ण रकमेवर आणखी ५ टक्के. म्हणजे वर २० हजार. एकूण ३०. नवरा-बायकोला या बाबतीत एकच धरतात, त्यामुळे घर नुसतं त्याच्या नावावर घेऊनही सुटका नाही. २० हजार पौंड म्हणजे साधारण २३ लाख रुपये. आमच्या डिपॉझिटचा तिसरा हिस्सा!

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, दोनच रस्ते आहेत. पैसे भरा, किंवा ताबा मिळायच्या आत तो हिस्सा सोडा. पहिल्या घराची सवलत तरीही मिळणार नाही, पण वरचे २० हजार वाचतील.

नवरोबा लगेच म्हणाला, "सोड की. आईबाबाच राहतात तिथं. पुढेमागे तुझंच आहे." गणिताच्या बाजूनं तो शंभर टक्के बरोबर होता. मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. कारण त्या निम्म्या हिश्श्याला एक इतिहास आहे.

आमचा वाडा पणजोबांनी बांधला. चौक, माजघर, सागवानी खांब, भिंतीत कोनाडे. माझ्या लहानपणापर्यंत तिथं सात भाडेकरू होते, भाडं महिना वीस-पंचवीस रुपये. कायद्यानं गोठवलेलं. तेवढ्यात छपराचं एक कौलही बदलत नसे. भाडेकरू म्हणायचे मालकानं दुरुस्ती करावी, मालक म्हणायचे पैसे कुठून आणू. मधल्या मध्ये वाडा गळत राहिला. पेठांमधल्या कितीतरी वाड्यांची हीच गोष्ट. २००६ साली तो बिल्डरकडे गेला. बाबांना एक फ्लॅट, काकांना एक.

आणि आत्याला? आजोबांच्या माघारी वारस म्हणून तिचाही कायद्यानं हिस्सा होता. तिच्यासमोर एक कागद ठेवला गेला, हक्कसोडपत्र. सगळ्या घरांत बहिणी करतात तशी तिनं सही केली. बदल्यात एक पैठणी मिळाली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, असं आई सांगते. पण त्यांनी कागद थांबवलाही नाही.

२००८ साली ताबा मिळाला. मी नुकतीच अठरा वर्षांची झाले होते. करारावर नावं घालताना बाबा म्हणाले, "माझ्याबरोबर हिचं घाला." काका म्हणाले, "अरे, ती लग्न होऊन जाणार." बाबा म्हणाले, "गेली तरी नाव राहील."

ते नाव आता मी २३ लाख वाचवायला काढणार होते.

मी बाबांना एक्सेल शीट पाठवली. फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे. करू." पाच मिनिटांत फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आईचा मेसेज आला, 'रात्रभर जागे होते.' मी नवऱ्याला म्हटलं, पैसे भरू. तो म्हणाला, "भरू. पण मग छप्पर आणि भिंत दोन वर्षं तशीच राहील." त्यावरून आमचं जोरदार भांडण झालं. शेवटी मी आत्याला फोन लावला. का, माहीत नाही. बहुतेक मला तिची परवानगी हवी होती.

आत्या म्हणाली, "मी सही केली तेव्हा कागद वाचायलासुद्धा दिला नव्हता गं कुणी. तुझं तसं नाही. तू हिशोब करून करत्येस. ये, आणि कर. पण वाचल्याशिवाय करू नकोस. मी येते साक्षीदार म्हणून."

'स्वखुशीने'

जुलैत चार दिवसांसाठी पुण्याला गेले. पाऊस मी म्हणत होता. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेहमीची गर्दी, ओल्या छत्र्या, टोकन नंबर, वेबकॅमसमोर फोटो आणि अंगठा. आत्या हिरव्या नऊवारीत ताठ बसलेली. वय ७४. वकील म्हणाले, इथं सही करा. आत्या म्हणाली, "आधी मोठ्यानं वाचा."

वकिलांनी घड्याळाकडे बघितलं, मग वाचायला लागले. चतुःसीमा, गाळा क्रमांक, क्षेत्रफळ. '...सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा मी कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने...'

"हे वाक्य माझ्याही कागदात असणार," आत्या म्हणाली. "स्वखुशीने!"

कुणी काही बोललं नाही. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी आत्याकडे न बघताच म्हटलं, "ताई, तेव्हा मी वाचायला हवं होतं." आत्यानं पदरानं चष्मा पुसला. "बरं, आता वाच," म्हणाली. एवढंच. सतरा-अठरा वर्षांत या विषयावर त्या दोघांमध्ये झालेलं हे एकमेव बोलणं, असं आई नंतर म्हणाली.

मी सही केली. आत्यानं साक्षीदार म्हणून केली, पूर्ण नाव, माहेरचं आडनावही कंसात. बाहेर येऊन आम्ही चौघांनी गरमागरम बटाटेवडे खाल्ले. घरी आलो तर दारावर तीच पाटी. बाबा, आई आणि खाली माझं नाव. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "पाटीवर कुठली आलीये स्टॅम्प ड्युटी? राहू दे."

भाडेकरूंच्या पाट्या

परत आले तर सर्चेस अजून चालूच होत्या. हातात रिकामे वीकएण्ड. बाबांनी पुण्यात बजावलं होतं, "लंडनला जाशील तेव्हा बाबासाहेबांचं घर बघून ये." म्हणून एका शनिवारी ट्रेन पकडली.

१०, किंग हेन्रीज रोड. उत्तर लंडनमधल्या प्रिमरोझ हिलजवळचं उंच, देखणं घर. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना इथं राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. पण इथला कायदा बघा. राहत्या घराचं संग्रहालय करायचं म्हणजे वापर बदलायची परवानगी हवी. स्थानिक कौन्सिलनं ती नाकारली. सुनावणी झाली आणि २०२० साली ब्रिटनच्या मंत्र्यांनी मंजुरी दिली तेव्हा कुठं प्रश्न सुटला. म्हणजे घर विकत घेतलं की सगळं आपलं झालं, हे सरकारलाही लागू नाही! मग परसातल्या संडासाचं काय करायचं यावर कौन्सिलला पत्र लिहिणारे आम्ही कोण?

तिथून माइडा व्हेलला गेलो. १०, हाऊली प्लेस. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथं राहिले, तशी निळी गोल पाटी भिंतीवर आहे. पाटीखाली उभं राहून फोटो काढताना माझ्या लक्षात आलं, दोघंही या घरांचे मालक नव्हते. राहायला आलेली माणसं. मालकांची नावं आज गल्लीत कुणाला ठाऊक नाहीत. भिंतीवर नाव आहे ते राहून गेलेल्याचं.

सरकारी कागदावरून नाव गेलं म्हणून आलेला माझा तो घशातला आवंढा त्या दिवशी थोडा खाली उतरला.

किल्ली

सप्टेंबर २०२५ च्या एका शुक्रवारी दुपारी किल्ली मिळाली. तीही एजंटच्या ऑफिसातून, बिस्किटाच्या पुड्यासारखी पाकिटात घालून. आजींनी ओट्यावर एक वही ठेवलेली होती. कुठला पाइप थंडीत गोठतो, कुठली खिडकी जोरात उचलायची, बागेतला पेरचा वृक्ष कधी छाटायचा, सगळं बारीक अक्षरात. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'भिंतीला सिमेंट आम्हीच लावलं होतं, १९८८ साली. माफ करा. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.'

त्या वीस हजारांतले काही भिंतीवर खर्च झाले. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला दीड महिना लागला. त्यानं एकेका दर्जेतून सिमेंट खरवडून काढलं आणि चुना भरला. भिंत लगेच सुकत नाही. तो म्हणाला, "हिनं इतकी वर्षं पाणी धरून ठेवलंय. आता सोडायला वेळ द्या."

ब्रिटनमध्ये जुन्या जनगणनेची पानं आता कुणालाही बघता येतात. १९११ ची आमच्या घराची नोंद मी शोधून काढली. कुटुंबप्रमुख, व्यवसाय बिस्किट कारखान्यात कामगार. एक मुलगी, तीही तिथंच पॅकिंगला. आणि त्या वर्षी विवाहित बाईबद्दल एक प्रश्न विचारला होता. किती मुलं जन्मली, किती जिवंत, किती गेली. त्या घरातल्या बाईच्या नावापुढे आकडे होते, सात, चार, तीन. तो कागद वाचला आणि मी बराच वेळ जिन्यावर बसून राहिले. या घरात तीन लेकरं गमावलेली बाई राहून गेली, हे कुठल्याही सर्व्हेच्या ६८ पानांत नव्हतं.

जुनं घर का हवं होतं, याचं उत्तर मला आता देता येतं. आमचा वाडा आम्हाला राखता आला नाही. त्यात दोष कुणाचा यावर घरात अजूनही वाद होतात. दुसऱ्याचं का होईना, एक जुनं घर आपल्या हातून पडू नये, एवढंच होतं ते.

आता शेवटचा किस्सा. ताब्याच्या आधी वकिलांनी विचारलं होतं, तुम्ही दोघं 'जॉइंट टेनंट्स' म्हणून घर घेणार का? म्हणजे दोघांची मिळून अखंड मालकी, एक गेला तर आपोआप दुसऱ्याची. मी बाबांना तसं सांगितलं. सात भाडेकरूंनी आयुष्यभर छळलेला माणूस तो. "टेनंट? पैसे भरून भाडेकरू कशाला होताय?" समजावता समजावता पुरेवाट झाली.

तर या बाबांनी नोव्हेंबरात एक दिवस पुण्यातून, मला न सांगता, इंग्लंडच्या लँड रजिस्ट्रीच्या साइटवर जाऊन ७ पौंड भरले. इथं कुणीही कुणाच्याही घराचा मालकीचा उतारा असा विकत घेऊ शकतं. प्रिंट काढली. माझ्या नावाखाली लाल पेननं रेघ मारली. आणि सदाशिव पेठेच्या फ्लॅटच्या इंडेक्स टू शेजारी, त्याच फायलीत लावून ठेवली. मग फोन केला.

"तुझं नाव पहिलं आहे," म्हणाले. आवाज जरा घोगरा होता.

मागून आईनं फोन ओढून घेतला. "मी पण वाचलं सगळं. पण कार्पेट किती, ते कुठंच लिहिलेलं नाही!"

(चौकट)
इंग्लंडमध्ये जुनं घर घेताय? मग एवढं लक्षात ठेवा

• भारतातल्या कुठल्याही घरावर तुमचं किंवा जोडीदाराचं नाव आहे का, हे ऑफर देण्याआधी वकिलाला सांगा. पहिल्या घराची सवलत आणि जादा ५ टक्के, दोन्ही त्यावर ठरतं.

• हिस्सा सोडायचा असेल तर घाई नको. भारतातलं घर नातेवाइकाला फुकट दिलं तरी ब्रिटनमध्ये बाजारभावानं कॅपिटल गेन्स टॅक्स लागू शकतो. एप्रिल २०२५ पासून नव्यानं येणाऱ्यांना, त्याआधी सलग दहा वर्षं ब्रिटनचे करनिवासी नसतील तर, पहिल्या चार वर्षांतल्या परदेशी नफ्यावर सूट मागता येते. आम्ही त्यात बसलो. पण ही सूट घेतली की त्या वर्षीच्या नेहमीच्या करमुक्त सवलती जातात. दोन्ही देशांचं जाणणारा अकाउंटंट गाठा.

• आईवडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. बँक आणि वकील दोघंही पैशांचा स्रोत आणि 'ही भेट आहे, उसने नाहीत' असं पत्र मागतात.

• व्हिसावर असलेल्यांकडून काही बँका जास्त डिपॉझिट मागतात, काही मागत नाहीत. एका नकारानं खचू नका.

• बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे. जुन्या घराला लेव्हल थ्रीच.

• सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे. शेजाऱ्याला आधी नोटीस द्या, आणि त्याच्याही आधी चहाला बोलवा.

• विटांच्या भिंतीवर रंग, गिलावा किंवा नवीन खिडक्या करण्याआधी कौन्सिलला विचारा. जुन्या वस्त्यांमध्ये परवानगी लागू शकते.

• आणि कुठलाही कागद असो, सही करण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या. हा सल्ला आत्याचा.